मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे

पावसाळा सरत आला की दवाखान्यात खाजेचे रुग्ण वाढतात. ओले कपडे, चिखलात भिजलेले पाय, दमट अंथरूण ही त्याची कारणे आपण या सदरात पूर्वी पाहिली आहेत. परंतु अलीकडे स्वतःच्या खाजेचे औषध घेऊन झाले की उठता उठता आणखी एक प्रश्न विचारला जातो. ‘डॉक्टरसाहेब, आमच्या मनीलापण असंच झालंय. ओठ फुटलाय, पोटावर चट्टे आलेत. तुमचंच मलम तिला लावू का? अर्धी गोळी दिली तर चालेल का?’

उत्तर एका शब्दाचे आहे. नाही. पण नुसते ‘नाही’ म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही, आणि घरी गेल्यावर मलम लावले जातेच. म्हणून आज थोडा सविस्तर विचार करू. मी एमबीबीएस आहे, माणसांचा डॉक्टर आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ साली झाला. त्याप्रमाणे जनावरांवर उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम आहे, माझे नव्हे. तेव्हा या लेखात मांजरासाठी औषधाची चिठ्ठी मिळणार नाही. परंतु आपल्या घरातील माणसांच्या औषधांचा डबा मांजराच्या जिवावर कसा उठतो हे सांगणे मात्र माणसांच्या डॉक्टरचेच काम आहे, कारण तो डबा आम्हीच भरलेला असतो.

ही जखम कसली?

मांजराच्या वरच्या ओठावर, बहुधा मधोमध किंवा सुळ्याच्या समोर, एक खोलगट लालसर तपकिरी जखम होते. तिच्या कडा किंचित उचललेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटते की उंदराने चावा घेतला. जखम दिसायला भयंकर असते, पण मांजराला पुष्कळदा तिचे फारसे दुखत नाही. ते नेहमीप्रमाणे खातेपिते. काही मांजरांच्या पोटावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला लाल, ओलसर, उंचवटे आलेले चट्टे उठतात आणि ते मांजर दिवसभर चाटत बसते. काहींच्या मागच्या मांडीवर दोरीसारखी उभी रेघ उठते, काहींची हनुवटी सुजते, तर काहींच्या जिभेवर किंवा टाळ्यावर गाठ येते.

या सर्वांना मिळून पशुवैद्य ‘इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा’ असे नाव देतात. नाव अवघड असले तरी त्यातला एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. दम्याच्या किंवा जंताच्या रुग्णाचे रक्त तपासले की रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल वाढले’ असे लिहून येते. त्याच या पांढऱ्या पेशी. शरीराला एखाद्या गोष्टीची अॅलर्जी असली की या पेशी तिथे गर्दी करतात आणि शत्रूबरोबर घरच्यांनाही मारतात. मांजराच्या ओठावरची जखम ही पुष्कळदा अशा आतल्या भांडणाची असते. ती बाहेरून मलम चोपडून बरी होत नाही.

मूळ बहुधा पिसवांत

अॅलर्जी कशाची, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसू चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते. ज्या मांजराला त्या लाळेची अॅलर्जी आहे त्याला थोडे चावेही पुष्कळ होतात. अशा मांजराच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी आणि मानेभोवती बारीक खपल्या हाताला लागतात. केस विरळ होतात. ‘आमच्या मांजरावर एकही पिसू दिसत नाही’ असे पुष्कळजण सांगतात. मांजर दिवसभर स्वतःला चाटते आणि पिसवा गिळून टाकते, म्हणून त्या दिसत नाहीत.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. ओला पांढरा कागद किंवा कापड खाली ठेवून मांजराच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवावी. खाली पडलेले काळे कण पाण्याने तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचेच पचलेले रक्त समजावे.

पिसवांचे संसारही समजून घ्यावेत. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा थोडा भाग असतो. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष हे गोणपाटात, पलंगाखाली, जमिनीच्या भेगांत, लाकडाच्या मोळीशेजारी असतात. कोषातली पिसू अनुकूल दिवसांची वाट पाहत महिनोन् महिने राहू शकते. म्हणून आज मांजर साफ केले तरी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

नाकाच्या शेंड्यावर आणि कानाच्या टोकांवर पुळ्या व खपल्या असतील तर डासांच्या चाव्याची अॅलर्जी असू शकते. काहींना खाण्यातल्या एखाद्या पदार्थाची असते. ती ओळखायची तर पशुवैद्याच्या सल्ल्याने निदान सहा ते आठ आठवडे ठरावीक खाणेच द्यावे लागते. शेजारच्या घरी जाऊन सुकट खाणाऱ्या मांजराला हे पथ्य पाळायला लावणे किती कठीण, हे सांगायला नको.

तोंडातली प्रत्येक जखम अॅलर्जीची नसते

इथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मांजराच्या तोंडात जखमा होण्याची कारणे अनेक आहेत. कॅलिसी नावाच्या विषाणूने जिभेवर छाले येतात, बरोबर शिंका आणि नाक-डोळ्यांतून पाणी येते. हिरड्या व दात किडून तोंडाला दुर्गंधी येते. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे निकामी झाली तरी तोंड येते. कर्करोगाची गाठही अशीच जखमेसारखी दिसते. पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या टोकांवर तर उन्हामुळे होणारा कर्करोग खपलीच्या रूपानेच सुरू होतो. घरातील जंतुनाशक पाण्याने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि मग पाय चाटते. त्या पाण्यातील बेन्झाल्कोनियमसारख्या द्रव्याने जीभ भाजते. म्हणजे जखमेचे कारण पुसण्याच्या बादलीतही असू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, रेबीज. मांजर लाळ गाळते आहे, आवाज बदललेला आहे, गिळता येत नाही, अकारण अंगावर येते किंवा अंधारात जाऊन बसते, मागचे पाय ओढते, अशी लक्षणे दिसली तर ‘तोंडात काटा अडकला असेल’ म्हणून बोट घालून पाहू नये. रेबीज केवळ कुत्र्याचा रोग नाही. मांजरालाही तो होतो आणि मांजराकडून माणसालाही होतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज आजही नाही. अशा मांजराला दुरूनच एका खोलीत बंद करावे आणि पशुवैद्याला कळवावे.

आपला औषधांचा डबा

आता मुख्य मुद्दा. आपण जी औषधे रोज घेतो ती मांजराला का चालत नाहीत? माणसाचे यकृत पुष्कळ औषधांना एका विशिष्ट रासायनिक क्रियेने निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही यंत्रणा फार अपुरी आहे. त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षे केवळ मांस खाल्ले, वनस्पतींतली विषे पचवण्याची त्यांना गरजच पडली नाही. त्यामुळे आपल्याला जे औषध ते त्याला विष ठरू शकते. मांजर लहान म्हणून गोळीचा तुकडा लहान केला, की काम झाले असे नाही.

पॅरासिटामॉल. घरोघरी असलेली ही तापाची गोळी मांजराला कोणत्याही मात्रेत देऊ नये. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी तीन-चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. त्याने रक्ताचा रंग चॉकलेटी होतो आणि ते प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या निळसर किंवा तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे विसरू नये. चुकून पोटात गेलेच तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. लवकर पोहोचल्यास अॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा देता येतो.

अॅस्पिरिन आणि छाल्यांवरची जेल. अॅस्पिरिनचा अंश मांजराच्या शरीरातून निम्मा व्हायला दीड दिवसाहून अधिक काळ लागतो. तोंड आल्यावर आपण जी जेल लावतो, त्यांतल्या काहींत याच जातीचे सॅलिसिलेट असते आणि वर सांगितलेले बेन्झाल्कोनियमही असते. ओठावरच्या जखमेला ती लावणे म्हणजे जखमेवर नवी जखम करणे होय.

खरजेची औषधे. परमेथ्रिनचे मलम आम्ही डॉक्टर माणसांच्या खरजेवर सर्रास देतो. माणसाला ते सुरक्षित आहे. मांजराला त्याने कंप सुटतो, झटके येतात आणि मृत्यूही येतो. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील मानेवर टाकायच्या काही औषधांत हेच द्रव्य फार तीव्र प्रमाणात असते. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याचे औषध मांजराला लावू नयेच, शिवाय औषध लावलेल्या कुत्र्याजवळ मांजराला झोपूही देऊ नये. खरजेवर लावण्याचे बेन्झिल बेन्झोएटचे लोशनही मांजराला विषारी आहे.

फिनेल, डेटॉल, कापूर आणि तेले. फिनेल व डेटॉल यांतील फिनॉल जातीची द्रव्ये मांजराला पचत नाहीत. कापूर, निलगिरीचे तेल, घट्ट निंबोळी तेल यांचेही तेच. ‘झाडपाल्याचे आहे, काय होणार?’ हा तर्क इथे चालत नाही. मांजर अंगाला लावलेले सर्व चाटून पोटात घेते. भातावर फवारायचे किंवा ढेकणांचे औषध पाण्यात कालवून मांजराला आंघोळ घालण्याचा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे.

डॉक्सिसायक्लिन. लेप्टोच्या दिवसांत ही कॅप्सूल आपल्या भागातील पुष्कळ घरांत येते. पशुवैद्यही हे औषध मांजराला देतात, परंतु कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे भाजते. पुढे अन्ननलिका आकसून मांजराला गिळता येत नाही. म्हणून सांगितलेली कोणतीही गोळी दिल्यावर लगेच थोडे पाणी किंवा पातळ खाणे द्यावे.

एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचा काळ होते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशाने पाहिले आहे. गुरांना सूज उतरण्यासाठी डायक्लोफेनॅक दिले जाई. गुरांना गुण येई. परंतु तशी मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आकाशातून गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. आपल्या जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावला उरलीसुरली गिधाडे जपण्यासाठी लोकांना कष्ट घ्यावे लागले. तेच डायक्लोफेनॅक आपण कंबरदुखीवर घेतो. गाय, गिधाड आणि माणूस यांच्यात जेवढा फरक आहे, तेवढाच माणूस आणि मांजर यांच्यातही आहे.

घरी काय करावे?

काहीच करू नये असे मात्र नाही. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात लहान चमचाभर मीठ घालावे. त्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून अंगावरची जखम दिवसातून दोनदा हलकेच पुसावी. तोंडात हात घालू नये. मांजर फार चाटत असेल तर पुठ्ठ्याचा किंवा जाड कापडाचा फनेलसारखा पट्टा गळ्याभोवती बांधावा. कडा मऊ कराव्यात आणि खाता-पिता येते ना ते पाहावे.

मांजराचे गोणपाट, चादरी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. पलंगाखाली, कणगीभोवती, पडवीत झाडून कचरा लांब टाकावा किंवा जाळावा. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर पिसवांचा उपचार एकाच वेळी करावा. त्यासाठी डब्यावर ‘मांजरांसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले औषध वजन सांगून पशुवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि ते पुढे काही महिने नियमाने चालू ठेवावे. पुष्कळ मांजरांच्या ओठाची जखम एवढ्यानेच पुन्हा पुन्हा होणे थांबते.

मांजराने दोन दिवस काही खाल्ले नाही तर थांबू नये. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उभे राहते. धाप लागणे, झटके येणे, हिरड्यांचा रंग बदलणे ही तर धावपळ करण्याची लक्षणे आहेत.

पशुवैद्य जखमेवर काचपट्टी टेकवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहतात, गरज पडल्यास तुकडा तपासणीला पाठवतात. निदान झाल्यावर बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ठरावीक मात्रेत देऊन हळूहळू कमी करतात. काही मांजरांना सायक्लोस्पोरिन लागते. इथे एक विनंती. आपल्या लोकांना इंजेक्शनची फार आवड. ‘एकच सुई मारा, महिनाभर बघायला नको’ असा आग्रह मांजराच्या डॉक्टरपाशीही होतो. दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन वारंवार दिल्यास मांजराला मधुमेह होऊ शकतो, आणि हृदय कमकुवत असल्यास ते थकू शकते. सुई एकदा टोचली की परत काढून घेता येत नाही. गोळी कमी करता येते.

माणसांनी स्वतःला जपावे

मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल, कोरडे चट्टे दिसले तर ती अॅलर्जी नसून नायटा असू शकतो. तो मुलांच्या हातावर, मानेवर, डोक्यात सहज येतो. अशा वेळी दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम मांजरालाही लावू नये आणि मुलालाही. त्याने खाज दोन दिवस थांबते, नायटा मात्र फोफावतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती आजही मागून मिळतात, हे आपण सर्व जाणतो.

दुखणाऱ्या मांजराला औषध देताना चावा किंवा ओरखडा हमखास बसतो. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून छिद्र लहान दिसते, पण जंतू खोल जातात आणि एका दिवसात हात सुजतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट, तंबाखू काही लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी आणि सांगितलेल्या तारखा एकही न चुकवता पूर्ण कराव्यात. चावा रक्त निघण्याइतका असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

माझे मत

‘इथे माणसांना वेळेवर औषध मिळत नाही आणि डॉक्टर मांजराचे कौतुक करतात’ असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून दवाखाना गाठायला अजूनही दिवस मोडतो. परंतु भाताच्या घरातले मांजर हे शोभेचे जनावर नाही. ते कणगी राखते. उंदीर कमी म्हणजे लेप्टोचे भय कमी, आणि उंदरामागे घरात येणारा सापही कमी. अशा राखणदाराला ओठ फुटला म्हणून गोणीत घालून नदीपलीकडे सोडून येणे हे कृतघ्नपणाचे आहे. शिवाय जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

माझ्या मते अडचण लोकांच्या निष्काळजीपणाची कमी आणि सोयीच्या अभावाची अधिक आहे. आपले पशुवैद्यकीय दवाखाने गाय, बैल, शेळी यांच्यासाठी उभे राहिले. ते योग्यच होते. मांजरासाठी विचारावे तर लोक मुंबईचा रस्ता दाखवतात. परळला १८८६ पासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जवळच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जुने जनावरांचे रुग्णालय आहे, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालयही झाले. हे सर्व उत्तम आहे. पण कशेळ्याच्या पलीकडल्या वाडीतून मांजर पिशवीत घालून कर्जत स्टेशन गाठायचे, लोकलने मुंबईला जायचे, म्हणजे मजुरीचा एक दिवस गेला. मग तो माणूस मेडिकलच्या दुकानात जातो आणि मिळेल ते मलम घेतो. त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत आठवड्यातून एक ठरावीक वार, शक्यतो बाजाराचा, कुत्र्या-मांजरांसाठी राखावा आणि तसा फलक लावावा. त्याच दिवशी रेबीजची लसही टोचावी. म्हणजे माणसांच्या दवाखान्यावरचा भारही हलका होईल. ग्रामपंचायतींनी तसा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवण्यास काही खर्च येत नाही. दुसरी, औषध दुकानदार बंधूंनी ‘मांजरासाठी’ असे ऐकल्यावर माणसाचे औषध काउंटरवर ठेवू नये. तिसरी आम्हा डॉक्टरांसाठी. रुग्णाने उठता उठता विचारलेल्या या प्रश्नाला ‘लावून बघा’ असे घाईचे उत्तर आपण देऊ नये.

आजूबाजूला फार्महाऊस घेतलेल्या मुंबईकरांनाही एक सांगणे आहे. शनिवार-रविवारी दूध घालून गोळा केलेल्या मांजरांची सोमवारी जबाबदारी कोणाची, याचा विचार करावा. त्यांच्या पिसवांचा व लसीचा खर्च उचलला तर साऱ्या वाडीला उपयोग होईल.

हे होईपर्यंत वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. पिसवा काढा, जखम मिठाच्या पाण्याने पुसा, लाळ गाळणाऱ्या तोंडात हात घालू नका आणि माणसाच्या डब्यातले औषध मांजराला देऊ नका. पशुवैद्य मिळेपर्यंत काही न देणे, हाही पुष्कळदा उपचारच असतो.